मिठाच्या कुळातला माणूस

घर भाड्याने देण्याआधी घरमालकाने काय विचारावं? नोकरी कुठे, पगार किती, माणसं किती, घरात मांजर-कुत्रं आहे का. आमच्या ओया-सानांनी मला विचारलं, “तुम्ही कुठल्या लोकांपैकी?”

ओया-सान म्हणजे जपानीत घरमालक. त्यांना स्वतःचं नाव होतं, दाराशेजारच्या पत्रपेटीवर ते लिहिलेलंही होतं, पण सगळी गल्ली त्यांना ओया-सान म्हणायची आणि मीही तेच म्हणणार आहे. मोठ्या भूकंपाला दोनेक वर्षं झाली होती तेव्हा मी टोकियोतल्या तोयोसुच्या एका आयटी कंपनीत नोकरीला आलो. जवळच्या ग्योतोकुमध्ये आपली माणसं आहेत, तिथे घर बघ, असं सगळ्यांनी सांगितलं. पण एजंट फोनवर ‘भाडेकरू परदेशी आहेत’ म्हणाला की पलीकडून एक लांबलचक, अत्यंत नम्र वाक्य यायचं. जपानीत वाक्य जितकं लांब आणि नम्र, तितका नकार पक्का, हे मला तेव्हाच शिकायला मिळालं. शेवटी एक जण नुसतं ‘पाठवा’ म्हणाला. एजंट मला म्हणाला, मालक अमेरिकन आहे, थोडा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

अमेरिकन म्हटल्यावर मी गोरा माणूस शोधत होतो. दार उघडलं ते पेणच्या बाजारात सुकट घ्यायला उभा राहिला तर कुणी वळून बघणार नाही अशा माणसाने. सावळा रंग, रुंद चेहरा, पांढरे केस चापून बसवलेले. अंगात काळा सूट, टाय, आणि पायात बाथरूमच्या प्लास्टिकच्या सपाता. बाथरूमच्या सपाता बाथरूमबाहेर घालायच्या, जपानी माणसाला चक्कर येईल असा हा गुन्हा ते रोज करायचे. पन्नास वर्षं होत आली तरी ह्या देशातल्या चपलांचे नियम त्यांच्या पायांत काही शिरले नव्हते.

“इंडियन,” मी उत्तर दिलं.

“तसा मीसुद्धा. मला विचाराल तर मी लेमनाइट.”

मी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीवर मान डोलावणं हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात.

पुढे कळलं की हा शब्द मॉर्मन पंथाच्या ग्रंथातला. फार प्राचीन काळी जेरुसलेमहून एक कुटुंब जहाजाने अमेरिकेत गेलं, त्यातल्या एका भावाचे वंशज देवाला विसरले, ते लेमनाइट. आणि अमेरिकेतले आदिवासी हे त्यांचेच वारस, असं त्या पंथातली माणसं पिढ्यान् पिढ्या मानत आली. ओया-सान जन्माने नावाहो, तिकडच्या वाळवंटात मेंढ्या राखणाऱ्या लोकांपैकी. पण नावाहो हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिली काही वर्षं ऐकलाच नाही. बँकेत, वॉर्ड ऑफिसात, गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसापुढे, सगळीकडे ते छाती काढून लेमनाइट असल्याचं सांगायचे. मीटरवाला कंपनीचं नाव समजून वहीत टिपून घ्यायचा.

दुमजली, चार बिऱ्हाडांची ती इमारत त्यांना सासऱ्यांकडून मिळालेली. बायको जपानी, आम्ही येण्याच्या आदल्याच वर्षी गेलेली. एकुलती मुलगी एमि-सान ओसाकाला. खाली ओया-सान एकटे, वर आम्ही. ते भाडेकरूंना नावाने हाक मारत नसत, खोलीच्या नंबराने मारत. मी ‘दोनशे दोन-सान’ होतो. बायको ‘दोनशे दोनची ओकुसान’.

पहिल्या रविवारी आमच्या हिने शिष्टाचार म्हणून त्यांना चहाला बोलावलं. आल्याचा, दूध घातलेला, आपला चहा. त्यांनी कप हातात घेतला, मनापासून वास घेतला आणि परत खाली ठेवला. त्यांच्या पंथात चहा-कॉफी चालत नाही.

“अरे, चहा नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय,” ही मला मराठीत म्हणाली. “दारू नको म्हणणारे बघितलेत, पण चहा?”

मग तिने कोकम सरबत दिलं आणि त्यावर त्यांची जी भक्ती बसली ती शेवटपर्यंत. भारतात जाऊन येताना आमच्या बॅगेत आमसुलांचा एक पुडा खास त्यांचा असायचा. जपानात राहून हिरवा चहा न पिणारा माणूस म्हणजे कोकणात राहून मासे न खाणारा. जेवायला बोलावणाऱ्यांची पंचाईत. पण गल्लीतलं कुणी त्यांना त्यावरून काही म्हणत नसे. त्यांचं सगळं सगळ्यांनी माफ केलेलं होतं, आणि त्याचं कारण होती त्यांची खोली.

तळमजल्यावरची एक आख्खी खोली त्यांनी भाड्याने दिली नव्हती. त्यात जमिनीपासून छतापर्यंत धान्य. तांदूळ, डाळी, गव्हाचे पत्र्याचे डबे, दुधाची पावडर, टिनातली पीचेस, पाण्याचे कॅन, मिठाची पोती. घरात वर्षभराचं खाणं साठवून ठेवावं ही त्यांच्या पंथाची जुनी शिकवण. बायको जिवंत असताना ह्या खोलीवरून नवरा-बायकोची कायम जुंपायची म्हणे. एवढ्या जागेचं भाडं बुडतं, शेजारी हसतात. मग भूकंप आला. समुद्रात भर घालून केलेली आमच्याकडची जमीन चिखल होऊन वर आली, नळ कोरडे पडले, दुकानांतून तांदूळ आणि पाणी नाहीसं झालं. तेव्हा ओया-सानांनी खोलीचं दार उघडलं आणि गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडलं. बायको भात शिजवत होती, हे सूट घालून वाढत होते. हसणारे शेजारी वाडगी घेऊन रांगेत उभे. ही गोष्ट मला कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयातल्या बाईंनी सांगितली. सांगताना त्यांच्या हातातली कात्री थांबली होती आणि माझ्या एका कानावरचे केस तसेच राहिले.

आमच्या हिचं लक्ष मात्र गव्हाच्या डब्यांकडे. टोकियोत पीठ मिळतं, पण अख्खे गहू कुठले मिळायला! शिवाय त्यांच्याकडे टेबलाला स्क्रूने आवळायची लोखंडी हातचक्की होती. दर शनिवारी सकाळी खालून घरघर सुरू झाली की मी समजायचो, आज गरम पोळ्या. ओया-सान चक्की फिरवायचे, ही गहू ओतायची, आणि डब्यांवरच्या जपानी तारखा बघून दोघं एकमेकांना डबे काढून द्यायची. संपत आलेल्या तारखेचे टिन आमच्या वाट्याला यायचे. आमच्या संसाराची पहिली दोन वर्षं आम्ही पीच खाऊन काढली म्हटलं तरी चालेल.

टिनातल्या पीचवर त्यांचा जीव होता, आणि ते त्यांच्या गोऱ्या आईमुळे.

तेव्हा अशी एक योजना होती की वाळवंटातल्या वस्त्यांवरची मुलं शाळेच्या महिन्यांत शहरातल्या मॉर्मन घरांत राहायला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. आईबापांच्या संमतीने. ओया-सान आठ वर्षांचे असताना बसमध्ये बसले. मोठी बहीण बसली नाही. ती मेंढ्यांमागे पळाली आणि बस जाईपर्यंत परत आलीच नाही. शहरात ज्या बाईच्या घरी हे उतरले तिने यांना न्हाऊ घातलं, स्वतः बरण्यांत भरलेली पीचेस पुढ्यात ठेवली, आणि म्हणाली, “लोक तुला इंडियन म्हणतील. तू त्यांचं ऐकू नकोस. तू लेमनाइट आहेस. तुझे पूर्वज देवाच्या नगरीहून आले.”

“तुम्ही कल्पना करा,” ओया-सान मला म्हणाले होते, “शाळेत पोरं माझ्याकडे बघून तोंडावर हात मारून हू-हू करतात, आणि घरी आल्यावर एक बाई सांगते की तू राजपुत्र आहेस. आठ वर्षांचा पोरगा काय निवडेल?”

ती बाई प्रेमळ होती याबद्दल त्यांना शेवटपर्यंत शंका नव्हती आणि मलाही नाही. ओया-सान खाल्ल्या मिठाला जागणारे होते. एवढंच, की एका घरचं मीठ खाताना दुसऱ्या घरचं अळणी होत जातं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

तो शब्द त्यांना पुढे खूप काही देऊन गेला. कॉलेजात नाच-गाण्याचा एक जथा होता, त्याच्या नावातच हा शब्द होता. त्यात ते पिसांचा टोप घालून नाचले. तो टोप त्यांच्या जमातीत कुणीच घालत नाही, हे सांगताना ते स्वतःच खो खो हसायचे. एकोणिसाव्या वर्षी धर्मप्रचारक म्हणून जपानला आले तेव्हा सायकलवरून दारोदार फिरून त्यांनी हीच ओळख सांगितली. इथल्या म्हाताऱ्या त्यांचा चेहरा बघून म्हणायच्या, ‘होक्काइदोचे का?’ उत्तरेकडच्या त्या बेटावर जपानचे स्वतःचे आदिवासी राहतात.

मग शब्द हळूहळू काढून घेतला जाऊ लागला. हे काम कुणी वाईटपणाने केलं नाही. घरातली मोठी माणसं पाहुणे यायच्या आधी एखादी जुनी तसबीर उतरवून ठेवतात, तसं झालं. जथ्याचं नाव बदललं. मुलांना शहरात नेण्याची योजना बंद झाली. ग्रंथात एके ठिकाणी पूर्वी ‘गोरे’ होण्याचं वचन होतं तिथे ‘निर्मळ’ आलं. मग प्रस्तावनेत बदल झाला: लेमनाइट हे आदिवासींचे मुख्य पूर्वज होते, ते आता पूर्वजांपैकी काही झाले. शास्त्रज्ञांनी रक्त तपासून सांगितलं की ही माणसं आशियातूनच तिकडे गेलेली. ओया-सान हे सगळे बदल ओळीने सांगायचे, जसे आमचे आजोबा गावच्या सरपंचांची यादी सांगायचे. आणि शेवटी म्हणायचे, “मी मात्र अजून मुख्यच आहे.”

मला त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे तरी काय वेगळं? पेण-उरणच्या बाजूला डोंगरातले कातकरी, ठाकर खाली मिठागरांवर आणि वीटभट्ट्यांवर कामाला यायचे. शाळेच्या पुस्तकात त्यांना एक शब्द होता, पुढाऱ्याच्या भाषणात दुसरा, दाखल्यावर तिसरा. कुणी आदिवासी म्हणायचं, कुणी वनवासी, कुणी गिरिजन. प्रत्येक शब्द मागच्यापेक्षा सभ्य म्हणून आणलेला. माझ्या आठवणीत त्यांच्यातल्या कुणाला कुणी ‘तुम्हाला काय म्हणू?’ असं विचारलेलं नाही.

एका शनिवारी दोन तरुण प्रचारक आले. अमेरिकन पोरं, पांढरे शर्ट, छातीवर नावाची काळी पट्टी. आम्ही चक्कीपाशीच होतो. ओया-सानांना पुढच्या रविवारी सभेत आपली जीवनकथा सांगायची होती, त्याबद्दल ती पोरं बोलायला आली होती. त्यातला उंच पोरगा फार संकोचला होता.

“ब्रदर, तुमची कथा फार सुंदर आहे,” तो म्हणाला. “फक्त तो एक शब्द. आता आम्ही मूळनिवासी म्हणतो. किंवा तुमच्या जमातीचं नाव. तो जुना शब्द काही लोकांना लागतो.”

“कुणाला लागतो?”

“म्हणजे... तुमच्या लोकांना.”

“मी इथेच उभा आहे,” ओया-सान म्हणाले.

पोरगा लाल झाला. ओया-सानांनी त्याला पीचचा डबा दिला, पाठीवर थाप मारली, आणि रविवारी सभेत भाषण केलंच नाही. खाली मान घालून बसून राहिले, असं नंतर कळलं. त्यानंतर थोड्याच काळाने ‘मॉर्मन’ हा शब्दही आता वापरायचा नाही, पंथाचं पूर्ण नाव घ्यायचं, असं वरून आलं, तेव्हा ते आमच्याकडे वर येऊन हसत सुटले. “आता मी मॉर्मनही नाही! दोनशे दोन-सान, तुम्ही काय आहात? लवकर सांगा, बदलायच्या आत.”

पण त्या दिवशी, पोरं गेल्यावर, ते हसले नव्हते. चक्कीचा दांडा धरून उभे होते. मी सहज म्हटलं, “एवढं काय आहे त्या शब्दात? द्या सोडून. पोरगं चुकीचं नव्हतं बोलत.”

तेव्हा त्यांनी आईची गोष्ट सांगितली.

जपानमधली प्रचारकाची वर्षं संपवून ते घरी गेले होते. वाळवंटातल्या घरी, सूट-टाय घालून. आईच्या कमरेला मक्याच्या परागांची छोटी पिशवी असायची. पहाटे उठून पूर्वेकडे तोंड करून ती चिमूटभर पराग उधळायची, तिची ती रोजची प्रार्थना. मुलाने तिला समोर बसवून सांगितलं की ती कोण आहे. तू लेमनाइट आहेस. तुझे पूर्वज देवाला विसरले म्हणून आपली ही दशा झाली. ही पिशवी टाकून दे. दोन वर्षं परक्यांच्या दारात घोटलेलं सगळं भाषण त्याने स्वतःच्या आईला म्हणून दाखवलं. आईने पूर्ण ऐकून घेतलं. मग पिशवी सोडून त्याच्या हातात दिली आणि रडली. मोठी बहीण उठली, पिशवी त्याच्या हातून काढून घेतली आणि म्हणाली, “आईला नाव आहे. तुझं तू बघ.”

ते जपानला परत आले ते कायमचे. आई गेल्याचं पत्र आलं तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता.

“आता ही पोरं म्हणतात, तो शब्द नव्हताच,” ओया-सान म्हणाले. “नसेल. पण मग आईला मी कशासाठी रडवलं? तो शब्द मी सोडला तर माझ्याकडे त्या दिवसाचं काहीच कारण उरत नाही.”

 आमच्या हिने पीठ चाळायचं थांबवलं होतं.

वसंतात ते खोली रिकामी करून पुन्हा लावायचे. जुनं पुढे, नवं मागे. त्या वर्षी मी मदतीला होतो. सगळ्यात मागे मिठाची पोती.

“ह्यांना तारीख नसते,” मी म्हटलं. “मीठ काय खराब होतंय? राहू द्या तिथेच.”

“तुम्हाला मिठातलं काय कळतं?”

आता मात्र मला चेव आला. मला मिठातलं कळत नाही? माझ्या आजोबांचं अख्खं आयुष्य मिठागरात गेलं. खाडीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, लाकडी फळीने मीठ ओढून काठावर रास घालायची. मी त्यांना सांगितलं की आमची जातच ती, आम्ही मीठ आगरी. आणि तुम्ही जिथे उभे आहात ना ओया-सान, ते ग्योतोकुसुद्धा जुन्या काळी मिठागरच होतं, तेव्हाच्या राज्यकर्त्याला, शोगुनाला, इथून मीठ जायचं. मी आलो तेव्हा वाचनालयात वाचलंय. एवढा परदेशी येऊन मी शेवटी मिठागरातच भाड्याने राहिलो.

“मिठाची माणसं,” ते म्हणाले. “असं म्हणता तुम्ही? स्वतःला?”

“आम्ही म्हणतो, लोकही म्हणतात. लग्न ठरवताना पहिलं तेच. आडनाव काय, गाव कुठलं.”

“आणि मामाकूळ,” ही मधेच म्हणाली. “मामा कोण, मामाचं आडनाव काय, हे बायोडेटात लिहावंच लागतं. त्याशिवाय पुढे बोलणंच नाही.”

मामा हे इंग्रजीत सांगताना आमची तारांबळ उडाली. अंकल म्हणून भागेना, कारण काकाही अंकलच. ओया-सान आमची खटपट ऐकत तांदळाच्या पोत्यावर बसले, आणि एकाएकी अशा भाषेत बोलायला लागले जी आम्ही त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. घशात अडकत, थांबत येणारे आवाज. एक ओळ, दुसरी, तिसरी. मग तोंड उघडंच राहिलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिसरीनंतर थांबले.

त्यांच्यात नाव नंतर सांगतात, आधी चार कुळं. आईचं कूळ ते आपलं. मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. ओसाड माळावर दोन अनोळखी माणसं भेटली की चार-चार कुळं सांगायची, त्यातून समोरचा आपला कोण लागतो ते ठरतं, आणि मग त्या नात्याने हाक मारायची. लहानपणी आईने ही ओळख रोज म्हणून घेतलेली.

“माझ्या आईचं कूळ मीठ,” ते म्हणाले. “आम्ही मिठाची माणसं. वडिलांचं कूळ कडू पाणी. आईच्या वडिलांचं उंच घर. आणि चौथं...”

चौथं येईना.

“गोऱ्या आईच्या घरी मला कुणी कूळ विचारलं नाही,” ते म्हणाले. “विचारणारे भेटले तोवर माझ्याकडे एकच शब्द तयार होता.” मग आमच्या हिच्याकडे वळून म्हणाले, “तुमचा तो आईचा भाऊ. आमच्यातही तो वेगळा असतो. शिदाई. बहिणीच्या मुलांनी मला शिदाई म्हणायचं. मला अजून कुणी म्हटलेलं नाही.”

त्या दिवसापासून मी ‘दोनशे दोन-सान’चा ‘शिओ-सान’ झालो. शिओ म्हणजे मीठ. आणि त्या दिवसापासून ओया-सानांना एकच ध्यास लागला, चौथं कूळ. ते फक्त बहिणीला माहीत असणार.

इतकी वर्षं न केलेला फोन माणूस कसा करतो ते मी पाहिलं. आधी काही आठवडे ते नुसतं ‘करायला हवा’ म्हणत राहिले. मग नंबर नाही म्हणाले. बहिणीची मुलगी तिकडे शाळेत शिक्षिका होती, तिचा नंबर मी इंटरनेटवरून शोधून दिला. मग म्हणाले तिकडे आता काय वाजले असतील, जेवत असतील. शेवटी एका सकाळी सूट-टाय घालून वर आले, आमच्या डायनिंग टेबलाशी बसले आणि मला म्हणाले, “शिओ-सान, लावा.”

मी स्पीकर चालू केला, भाचीने फोन उचलला. ओया-सानांनी नाव सांगितलं नाही. आधी कुळं म्हटली. मीठ, कडू पाणी, उंच घर. आणि मग, कविता विसरलेल्या नातवंडाचा होतो तसा चेहरा करून, इंग्रजीत म्हणाले, “चौथं मला आठवत नाही. तुझ्या आईला विचारशील?”

 पलीकडून शांत, कामापुरता आवाज आला. “येस, सर. ते आईला माहीत होतं. आई मागच्या हिवाळ्यात गेली.”

ओया-सानांनी फोन जवळ ओढला.

“ती माझ्याबद्दल काही बोलायची?”

“तिने एवढंच सांगितलं होतं की तिला एक भाऊ होता. मी इतर कुणाला विचारून बघते, सर.”

फोन बंद झाल्यावर ते आम्हाला म्हणाले, “सर म्हणाली. चांगली वळणाची मुलगी आहे.” आणि कोकम सरबत मागितलं. ग्लास तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

त्यानंतर त्यांनी लेमनाइट हा शब्द उच्चारलेला मी ऐकला नाही. नावाहोही म्हणायचे नाहीत. आमच्या शेजारी नवीन बिऱ्हाड आलं, बंगलोरचं. मी मुद्दाम कान देऊन उभा होतो. ओया-सानांनी नेहमीप्रमाणे विचारलं, तुम्ही कुठल्या लोकांपैकी? त्यांनी सांगितलं, आणि उलट विचारलं, “अँड यू, सर?” ओया-सान म्हणाले, “कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी.” मला फार वाईट वाटलं. खोटा असेल नसेल, त्या शब्दाच्या आधाराने तो माणूस ताठ उभा राहायचा. शब्द गेला आणि त्या जागी ठेवायला तीनच कुळं होती.

भाचीला ते अधूनमधून फोन करत. ती विचारपूस करायची, सर म्हणायची. चौथं कूळ कुणालाच सांगता येत नव्हतं. जाणती माणसं एकेक करून गेलेली. पुढच्या वसंतात जाऊन यायचं ठरलं. बॅग भरून दाराशी ठेवली. त्यात, कधीतरी बहिणीला भेटायला जाताना घालायची म्हणून जपलेली, आईची निळ्या खड्याची अंगठी होती, ती त्यांनी मला काढून दाखवली आणि बोटात घालून बघितली. बोट जाड झालं होतं, सांध्याच्या पुढे जाईना.

तेवढ्यात जगाची दारं बंद झाली. विमानं थांबली. तिकडच्या वस्त्यांवरून भाची रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याची बातमी सांगायची. इथे ओया-सानांनी पुन्हा खोली उघडली आणि गल्लीत ज्यांना बाहेर पडता येत नव्हतं त्यांच्या दाराशी तांदूळ नेऊन ठेवले. पानगळीच्या सुमाराला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णालयात भेटायला जायची परवानगी नव्हती. बॅग दाराशीच होती.

अंत्यविधी पंथाच्या सभागृहात झाला. खुर्च्या लांब लांब, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. आम्ही, केशकर्तनालयातल्या बाई, गल्लीतले थोडे लोक, एमि-सान. सभेचे प्रमुख जपानी होते, मवाळ आवाजाचे, ओया-सानांवर खरी माया असलेले. ते म्हणाले, “आपले बंधू अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजातून आले होते.” शब्दात काही खोट नव्हती. कुणाला लागेल असा नव्हता. पण तो कुणाबद्दल आहे हेच मला कळेना. गोऱ्या आईने दिलेला शब्द तिथे नव्हता, आईने दिलेली कुळंही नव्हती. उठून निदान ती तीन तरी सांगावीत असं फार वाटलं, पण ती सांगायचा हक्क माझा नव्हता.

शेवटी एमि-सान फोन घेऊन शवपेटीपाशी गेल्या. पडद्यावर भाची होती. तिच्यामागे उघडं आकाश, बहुधा ती मुद्दाम घराबाहेर येऊन उभी राहिली होती. एमि-सानांना इंग्रजी येत नाही, तिला जपानी येत नाही, त्यामुळे दोघी नुसत्याच एकमेकींना वाकून नमस्कार करत होत्या. मग एमि-सानांनी फोन वडिलांच्या चेहऱ्यासमोर धरला.  भाचीने आपली चार कुळं म्हटली. सुरुवात मिठापासूनच, तो एक आवाज मी आता ओळखत होतो. आणि त्यानंतर एकच शब्द म्हणाली. थांबली, आणि पुन्हा म्हणाली.

“शिदाई.”

एमि-सान माझ्याकडे वळल्या. “बाबांना काय म्हणाल्या त्या?”

“आईचा भाऊ,” मी जपानीत सांगितलं. एवढंच सांगता आलं.

ही माझ्या शेजारी उभी होती. तिने मास्कच्या आडून, अगदी हळू, मराठीत म्हटलं, “मामा म्हणाली रे त्यांना.” आणि ऐकायला मामा नव्हते.